‘कुळकायद्यानं आमचं घर बुडवलं’ हे कितपत खरं?

प्रश्न थोडक्यात असा: सातारा जिल्ह्यातलं जुनं घराणं. परगण्याची देशमुखी, शिवाय एक गाव इनाम, गावात दोन चौकांचा वाडा. आज वाड्याची एक भिंत उभी आहे आणि सात-बाऱ्यावर डझनभर नावांत थोडी जिरायत उरली आहे. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे की कुळकायद्यानं घर बुडवलं. हे खरं का, आणि आता काही परत मिळू शकतं का?

मी महसुली खटल्यांची वकिली करतो आणि मोडी वाचतो, त्यामुळे अशा घरांची दप्तरं नेहमी माझ्यासमोर येतात. त्यांवरून सांगतो. कुळकायद्यानं जमीन गेली, हे खरं आहे. घर मात्र त्याच्या आधी शंभर वर्षं खचत होतं. आजोबांनी शेवटचा घाव पाहिला म्हणून तोच त्यांच्या लक्षात राहिला, यात त्यांची काही चूक नाही. त्याआधीचे घाव कागदांवर आहेत, आणि ते कागद घरातल्या कुणी वाचले नाहीत, कारण पुढच्या पिढ्यांना मोडी येत नव्हती.

आधी एक गोष्ट पक्की करा: तुमच्याकडे नेमकं काय होतं? ‘आमचं इनाम होतं’ या वाक्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा शेवट निराळा झाला. लष्करी किंवा राजकीय चाकरीसाठी दिलेला तो सरंजाम. व्यक्तीला आणि तिच्या वंशाला दिलेलं ते जात इनाम. परगण्याच्या महसुली कामाबद्दल देशमुख-देशपांड्यांना दिलेलं ते परगणा वतन. देवाच्या दिवाबत्तीसाठी दिलेलं ते देवस्थान. महसूल दप्तरात सरंजाम वर्ग १, जात इनाम वर्ग २ आणि देवस्थान वर्ग ३ अशा नोंदी आजही सापडतात. त्यातही इनाम जमिनीचं होतं की फक्त गावच्या वसुलाचं, हा प्रश्न सगळ्यात मोठा. गाव इनाम असलेल्या बहुतेक घरांना गावची जमीन मिळालेली नव्हती, सरकारच्या वाट्याचा सारा मिळालेला होता. सनदेत ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपसहित’ असे शब्द असले तरी पुढं ‘खेरीज हक्कदार व इनामदार’ असंही लिहिलेलं असतं, म्हणजे गावात आधीपासून ज्यांचे हक्क आहेत ते सोडून. मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेनं शेत कसणारा शेतकरी, आपल्या शेताचा धनीच राहिला. चार पिढ्या वाड्यात बसून वसूल घेतल्यावर ‘गाव आमचं’ असं वाटू लागणं स्वाभाविक होतं. कायद्याच्या नजरेत मात्र ते तसं कधीच नव्हतं.

आता सुरुवातीपासून बघू. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या एल्फिन्स्टननं साताऱ्यात जाहीरनामा काढला. वतनं, इनामं, वर्षासनं चालू राहतील, मात्र पेशवा बाजीरावाच्या चाकरीत असणाऱ्यांनी दोन महिन्यांत घरी परतावं, अशी अट होती. तुमच्यासारख्या घरांनी हा जाहीरनामा अभयपत्र म्हणून जपला. पण त्याच दिवसापासून सरंजामी घराचं काम संपलं. घोडी, पागा, शिलेदार, कारकून हे सगळं लढाईसाठी आणि स्वारीबरोबरच्या वसुलासाठी होतं. कंपनीला ते नको होतं. चाकरी गेली आणि मान राहिला. एल्फिन्स्टनला या वर्गाची नाराजी परवडणारी नव्हती. म्हणून पुण्यात सरदारांसाठी वेगळा एजंट नेमला गेला, आणि मोठ्या सरदारांना साध्या दिवाणी कोर्टात उभं राहावं लागणार नाही अशी व्यवस्था झाली. त्या काळच्या पत्रांत या मानाची केवढी चिंता दिसते! कुणाला दरबारात कुठं बसवलं, कुणाच्या नावामागं कोणता किताब लिहिला, यावर पानंच्या पानं आहेत. उत्पन्नाबद्दल त्या मानानं फार थोडं.

खरा धक्का इनाम कमिशनचा. दक्षिण महाराष्ट्रात १८४० च्या दशकात चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्यानं तिला बळ मिळालं. प्रत्येक इनामदारानं आपला हक्क सिद्ध करायचा होता. सनद दाखवा, नाही तर इंग्रजी अंमलाआधी ६० वर्षांचा अखंड उपभोग आणि पिढ्या दाखवा. तोही हक्क औरस पुरुष वंश असेपर्यंतच. उपभोग ४० वर्षांचाच असेल तर आणखी एकच पिढी. घराघरांतून कैफियती लिहून गेल्या. माझ्या मते मराठीतलं हे सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात जिवंत साहित्य आहे. मूळ पुरुष कोण, कुठल्या लढाईत पडला, सनद कशानं हरवली, वाड्याला आग कधी लागली, भाऊबंदांनी कागद कसे दडवले, हे सगळं घरच्या माणसांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेलं आहे. तुमच्या घराची कैफियत असेल तर ती आजोबांच्या आठवणीपेक्षा शंभर वर्षं जुनी साक्ष आहे.

औरस वंशाची ही अट फार क्रूर ठरली. पुत्र नसला की दत्तक घ्यायचा आणि घर पुढं चालवायचं, ही आपली जुनी रीत. तीच आता सरकारच्या मर्जीवर आली. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यच दत्तक नाकारून खालसा केलं गेलं. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना दत्तकाची परवानगी मिळाली नाही. १८५८ मध्ये त्यांनी उठाव केला, पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि जूनमध्ये बेळगावात बाबासाहेबांना फाशी झाली. हे मोठ्यांचं झालं. लहान इनामदाराच्या घरी निपुत्रिक पुरुष आजारी पडला की बायका देवाबरोबर कमिशनच्या कारकुनालाही घाबरत असतील, असं मला त्या कागदांवरून वाटतं.

१८५७ नंतर सरकारनं हात आखडता घेतला. १८६३ चे दोन कायदे आले, मुंबईचे दुसरा आणि सातवा. चौकशी नको असेल तर ठरावीक रक्कम भरा आणि इनाम कायमचं घ्या, असा तो सौदा होता. दख्खनमध्ये आकाराच्या, म्हणजे ठरलेल्या शेतसाऱ्याच्या, रुपयामागं चार आणे जुडी (सवलतीचा सारा) आणि एक आणा नजराणा. त्या बदल्यात इनाम वंशपरंपरा झालं, दत्तकालाही चालू लागलं, विकायची मुभाही मिळाली. घरोघरी सुटकेचा श्वास टाकला गेला असेल. पण बारकाईनं पाहा. जे विकता येतं ते गहाणही ठेवता येतं. जात इनामांवर सावकाराचा बोजा चढू लागला तो यानंतर. मुंजी, लग्नं, दत्तकाचे खटले, श्राद्धपक्ष, सरदारी शोभेल असा दिवाळीचा खर्च असं सगळं गहाणखतांत कारणासह लिहिलेलं असतं. लढाई नसलेल्या काळात इभ्रत दाखवायला लग्नाखेरीज दुसरी जागाच उरली नव्हती.

वतनाचं उलट झालं. १८७४ च्या वतन कायद्यानं वतनी जमीन वतनदारांच्या बाहेर विकायला बंदी होती, म्हणून ती सावकाराकडं गेली नाही. ती भावकीतच राहिली आणि वाटपात बारीक झाली. मूळ चाकरी तर आधीच सुटली होती. १८६० च्या दशकातल्या गॉर्डन सेटलमेंटनं देशमुख-देशपांड्यांना कामातून मोकळं केलं आणि उत्पन्नातला हिस्सा सरकारकडं वळवला. उरलं ते आण्या-पैंचं वाटप. तुमच्या सात-बाऱ्यावरची डझनभर नावं कुळकायद्याची देणगी नाही, ती इथून आली आहेत. सरंजामाची वाटणी व्हायची नाही. तो थोरल्याकडं जायचा आणि धाकट्यांना पोटगी. त्यामुळे त्या घरांत वाटपाऐवजी भाऊबंदकीचे दावे झाले. तेही सरळ कोर्टात नेता येत नसत, कारण १८७१ च्या पेन्शन कायद्याप्रमाणे अशा हक्कांच्या दाव्याला आधी कलेक्टरचा दाखला लागे.

आणि या सगळ्याखाली एक साधं गणित चालू होतं. इनाम वसुलाचं असेल तर घराचं उत्पन्न म्हणजे शेतसाऱ्याचा आकडा. तो एकदा ठरला की साधारण ३० वर्षं तोच. धान्य, कापड, सोनं महाग होत गेलं, माणसं वाढत गेली, आकडा जागेवर. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत या घरांची चणचण पत्रांतून उघड बोलू लागते. पुढं दुसऱ्या महायुद्धात तर खंडाचं धान्य घेणारा आणि रोकड सारा घेणारा यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर पडलं. कायदा येण्याच्या कितीतरी आधी वाड्याच्या मागच्या चौकावरची कौलं बदलायला पैसे नव्हते.

आता वाड्याबाहेर काय चाललं होतं तेही बघायला हवं, नाही तर हा इतिहास अर्धाच राहील. ज्यांच्या वसुलावर आणि वेठीवर हे घर उभं होतं, ती माणसं गप्प नव्हती. सत्यशोधक समाज १८७३ पासून बोलत होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं काढून पगारी तलाठी नेमले. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी महार वतनाच्या गुलामीविरुद्ध मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं आणि १९३७ मध्ये खोती, म्हणजे कोकणातली गावच्या वसुलीची वंशपरंपरागत पद्धत, रद्द करण्याचं. अलिबागजवळ चरी इथं १९३३ पासून सहा वर्षं शेतकऱ्यांनी जमीन कसलीच नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. तुमच्या जिल्ह्यात १९४३ पासून इंग्रजांविरुद्धचं प्रतिसरकार होतं, आणि सावकार-जमीनदारांना त्याचा धाक काय होता हे गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात. कूळ म्हणून पिढ्यानपिढ्या नांगर धरलेल्या माणसाला, कूळ मालक झालं ते १९५७ साल कसं दिसलं असेल, हे त्याच गावात, त्याच जमिनीवर जाऊन ऐका. मी दोन्ही बाजूंची वकीलपत्रं घेतली आहेत. कुळाच्या घरात ३२-ग चा, म्हणजे कुळकायद्याखालच्या जमीनखरेदीचा, कागद देवघरात ठेवलेला पाहिला आहे. माझ्या दृष्टीनं जमीन कसणाऱ्याकडं गेली हे न्याय्यच झालं. त्यातून एखाद्या घरावर काय ओढवलं याचं दुःखही खरं आहे. ही दोन्ही विधानं एकाच माणसाला करता येतात.

मग १९४८ आलं. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले, वाडे जाळले गेले. अनेक कुटुंबं गाव सोडून पुण्या-मुंबईला आली ती परत गेली नाहीत. त्या आगीत सनदा, वाटपपत्रं, पावत्याही जळाल्या. पुढं कुळकायद्याच्या सुनावणीत ‘जमीन मी स्वतः कसतो’ हे सिद्ध करायला ना कागद होता ना गावात राहणारा माणूस. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. ज्या घरांची मानमरातबाची उरलीसुरली जागा संस्थानी दरबार होती, तीही संपली. इथं एक गैरसमज दूर करतो. १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीनं बंद झाले ते संस्थानिकांचे तनखे. इनामदार-सरदार-देशमुखांचा त्या निर्णयाशी संबंध नाही.

यानंतर कायदे एकामागून एक आले. कोकणातली खोती १९४९ च्या कायद्यानं गेली. परगणा आणि कुलकर्णी वतनं १ मे १९५१ पासून रद्द झाली. त्यात वतनी जमीन सरकारजमा होऊन, आकाराच्या १२ पट रक्कम भरली की त्याच वतनदाराला परत मिळत होती, मात्र कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही आणि वाटायची नाही या शर्तीवर. तुमच्या देशमुखीची जमीन या वाटेनं गेली असणार, म्हणून पुनर्प्रदानाचा, म्हणजे जमीन अशी परत दिल्याचा, फेरफार आधी शोधा. कित्येक घरांनी ही रक्कम मुदतीत भरलीच नाही. कुणाला वाटलं आपलीच जमीन विकत कशाला घ्यायची, कुणाकडं खरोखर पैसे नव्हते. सरंजाम १ नोव्हेंबर १९५२ पासून परत घेतले गेले, आणि तेही नवा कायदा न करता नुसत्या नियमांनी. त्या नियमांना आधार घेतला तो १८५२ च्या इनाम कमिशनच्याच कायद्याचा! सरंजाम नेहमीच सरकारच्या मर्जीनं चालत आला होता. कंपनीनं लिहून ठेवलेली ती मर्जी शंभर वर्षांनी स्वतंत्र भारताच्या सरकारनं वापरली. जात इनामं १ ऑगस्ट १९५३ पासून संपू लागली. तिथं जमीन हिरावली गेली नाही, साऱ्याची सूट आणि वसुलाचा हक्क गेला. वसुलाचं गाव ज्यांच्याकडं होतं त्यांच्या हाती म्हणून काहीच उरलं नाही. देवस्थान इनामं मात्र या लाटेतून बाहेर राहिली.

कुळकायदा या सगळ्याच्या शेवटी येतो. मूळ कायदा १९४८ चा, पण निर्णायक ठरली १९५६ ची दुरुस्ती. स्वतः कसण्यासाठी जमीन हवी असेल तर मालकानं ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत कुळाला नोटीस द्यायची आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत मामलेदाराकडं अर्ज करायचा होता. ते झालं नाही तर १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे कृषक दिनी, कूळ खरेदीदार मालक मानलं गेलं. किंमत न्यायाधिकरण ठरवणार, आकाराच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान, आणि तीही हप्त्यांनी. ज्या घरातला कर्ता पुरुष पुण्यात नोकरीला होता, म्हातारे वडील गावात होते आणि भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, त्या घरातून नोटीस गेलीच नाही. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत जमीन घालवली ती या काही महिन्यांच्या गाफिलीनं आणि भावकीच्या अबोल्यानं.

एक अपवाद इथं नीट समजून घ्या, कारण तुमच्या घरात तो लागू असू शकतो. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर कुळाची खरेदी पुढं ढकलली जाई. विधवेच्या बाबतीत तिच्या हयातीपर्यंत. त्यानंतर कुळानं ठरल्या मुदतीत कळवायचं असे. जुन्या घरांत विधवा नेहमीच असत, पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापर्यंत त्यांची नावं कागदावर क्वचितच दिसायची. ‘अमुकची विधवा’ म्हणून कोपऱ्यात पोटगीवर जगलेल्या एखाद्या आजीचं नाव सात-बाऱ्यावर होतं म्हणूनच काही एकर पुढची कितीतरी वर्षं घरात राहिली, अशी प्रकरणं आजही न्यायाधिकरणात चालतात. तुमच्या फेरफारांत १ एप्रिल १९५७ रोजी मालक म्हणून कुणाचं नाव आहे, ते आधी पाहा.

वाड्याची गोष्ट वेगळी. गावातला वाडा माणसं नसल्यानं पडला. शहरातला पडला तो माणसं असून. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. पुण्यात आलेल्या घरांनी पेठेतल्या जुन्या वाड्यात बिऱ्हाडं ठेवली होती. महिना आठ-दहा रुपये भाड्यात तुळया बदलता येत नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात गेले. उरलेले बिल्डरकडं.

तरीही सगळी घरं बुडाली नाहीत, आणि याचं कारण शोधण्यासारखं आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्येच गांधीजींच्या सल्ल्यानं ७२ गावांच्या आपल्या संस्थानात प्रजेला सत्ता दिली. त्याआधी १९१० मध्ये किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर कारखान्यासाठी जागा दिली होती, आणि आपला चित्रसंग्रह लोकांसाठी औंधातच खुला केला. फलटणचे मालोजीराव नाईक निंबाळकर विलीनीकरणानंतर मुंबई राज्यात मंत्री झाले. गावात टिकून राहिलेल्या अनेक मराठा देशमुख-पाटील घरांनी वतन गेल्यावर सोसायटी, साखर कारखाना आणि १९६२ नंतर जिल्हा परिषद धरली. इनामाचा मान त्यांना मतांत बदलता आला. गाव सोडावं लागलेल्या ब्राह्मण घरांनी शिक्षण आणि नोकरी धरली. म्हणजे कायदा सगळ्यांना सारखाच लागू झाला, पण गावात पाय रोवून कोण होतं आणि कुणाला रात्रीत निघावं लागलं, यावर पुढचं सगळं ठरलं. ‘आमच्यात धमक नव्हती’ असं काही वंशज स्वतःबद्दल म्हणतात ते मला पटत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न: परत काही मिळेल का? ३२-ग ची खरेदी होऊन ३२-म चं, म्हणजे खरेदी पुरी झाल्याचं, प्रमाणपत्र कुळाला मिळालं असेल तर ती जमीन विसरा. कुणी ‘सनद दाखवून जमीन सोडवून देतो’ म्हणत पैसे मागत असेल तर देऊ नका. सनद हा आज इतिहासाचा कागद आहे, मालकीचा नाही. विचार करण्यासारख्या जागा दोनच. एक, पुनर्प्रदान झालेली वतनी जमीन शर्त मोडून विकली गेली का. दुसरी, वर सांगितलेली विधवा किंवा अज्ञान मालकाची नोंद. या दोन्हींसाठी तहसील कार्यालयातून १९३० पासूनचे सगळे फेरफार, जुने सात-बारा आणि इनामपत्रक यांच्या प्रमाणित नकला काढा. मगच वकिलाकडं जा.

घराच्या इतिहासासाठी पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात, अर्ज करा. इनाम कमिशनचे कागद तिथं आहेत. एकेकाळी त्या कचेरीचं नावच एलियनेशन ऑफिस होतं. परगणा, गाव आणि मूळ पुरुषाचं नाव एवढं दिलं तर कैफियत सापडण्याची शक्यता चांगली असते. माळ्यावर जुन्या कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) बांधलेले असतील तर ते सोडून, क्रम मोडून ठेवू नका. ज्या क्रमानं बांधले आहेत तोच त्यांचा संदर्भ असतो. वाचणारं घरात कुणी नसेल तर भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला द्या, आणि देताना सगळी भावकी कळवून द्या, सह्या घेऊन. ज्या कुळांची नावं त्या रुमालांतल्या खंडाच्या वह्यांत आहेत, त्यांच्या नातवंडांनाही त्या पाहू द्या. त्यांच्या आजा-पणजांची नावं लिहिलेला दुसरा कागद बहुधा कुठंच नाही.